बेचाळीस सेकंद

बाबांनी ती वाजवली तेव्हा माझा जन्म व्हायचा होता.
टॅलिन रेडिओचा तळघरातला स्टुडिओ, मार्च महिना,
हीटर बंद, कारण त्याची घरघर माइकमध्ये शिरते,
आणि अठ्ठावीस वादक कोट घालून.
दोनशे वर्षांची जुनी, संथ रचना.
दुपारभरात तीनदा वाजवली, तिसरी ठेवली.
प्रत्येकी अकरा रूबल.
येताना बाबांनी खारवलेले मासे आणले होते,
आईच्या लक्षात आहे ते एवढंच.

पुढे कुणीतरी ती टेप कपाटातून काढली
आणि रविवारच्या मालिकेला लावली:
बेटावरचा जनावरांचा डॉक्टर, त्याची पिवळी गाडी,
बर्फातला रस्ता, काचेवर मागेपुढे वायपर,
आणि दर आठवड्याला कुणाच्या तरी गोठ्यात एक प्रेत.
दिग्दर्शकाचं नाव येऊन जाईपर्यंत
बेचाळीस सेकंद.
त्रेचाळिसाव्याला गाडीचं दार धाडकन लागायचं.

बाबांचा ओबो सुरू होतो पंचेचाळिसाव्या सेकंदाला.

तोवर ते नुसते मोजत बसलेले,
वाद्य मांडीवर, पत्ती ओठांत ओली करत.
म्हणजे अख्ख्या देशाने सात वर्षं, दर रविवारी,
माझ्या बापाचं थांबणं ऐकलं.

"लागलं!" मी ओरडायचे.
ते स्वयंपाकघरातून यायचे, हातात पत्ती तासायची सुरी,
बनियनवर वेताचा भुसा.
(तो वेत फ्रान्सचा. कुणाच्या तरी कोटाच्या अस्तरातून आलेला.
तो कुणाचा कोट, हे आम्ही कधी विचारलं नाही.)
दार लागायचं, संगीत जागीच तुटायचं,
आणि टेबलाच्या कडेवर बाबांची बोटं
तिथून पुढे चालू व्हायची.
टीव्हीत गवळण किंचाळतेय,
डॉक्टर हातमोजे काढतोय,
आणि बाबा डोळे मिटून त्या लांब सुरावर,
जिथे श्वास पुरत नाही आणि पुरवावा लागतो.
"एन्देल," आई म्हणायची, "टकटक नको.
खुनी कोण ते ऐकू येत नाही."

शाळेत बाईंनी रेकॉर्ड लावून विचारलं, ही रचना कुणाची?
सगळा वर्ग म्हणाला, डॉक्टरची!
मीही.

बाबा गेले गेल्या नोव्हेंबरात, तार्तूला.
जमीन अजून गोठली नव्हती, तेवढी एक सोय.
ऑर्गनवर काल्यु होता, पूर्वी टपाल खात्यात असलेला.
तो म्हणाला, त्यांचंच काहीतरी वाजवतो.
पहिल्याच सुराला बाकाबाकांवर
ओळखीचं हसू पसरलं,
रडून लाल झालेल्या चेहऱ्यांवरसुद्धा,
आणि मागून शेजारणीचा नातू ऊकु
कुजबुजला, पण सगळ्यांना ऐकू आलं:
"आता गाडी येणार."

मी त्याच्यावर रागवायला हवं होतं.
पण मला गाडीच दिसत होती.
पिवळी, वायपर, बर्फ.
पेटीत बाबा होते, आणि मी
कुणा कॅमेरामनचं नाव वाचत होते.

बेचाळीस सेकंदांनी काल्यु थांबला.
त्याला तरी पुढचं कुठून येणार?
त्यानेही दर रविवारी आमच्यासारखंच ऐकलेलं.
दार लागलं नाही. कुणी खोकलं.
पाद्रीबुवा पुस्तकात पान शोधू लागले.

मग शेजारून टकटक आली.
आईने हातमोजा काढला होता.
समोरच्या बाकाच्या लाकडावर तिची बोटं,
संधिवाताने वाकलेली,
एक, दोन, मग तो लांब सूर,
एकच बोट दाबून धरलेलं,
नखाखाली पांढरं होईपर्यंत.

मध्येच ती चुकली.
"अं हं," स्वतःशीच म्हणाली,
बोटं उचलली
आणि पंचेचाळिसाव्या सेकंदापासून पुन्हा धरलं.
पाद्रीबुवांना पान सापडलं होतं.
ते थांबले.