सोळाव्या घरातला हातचा

ब्रेस्टच्या बंदरावर नोव्हेंबरचं धुकं.
तिसऱ्या मजल्यावर ग्वेनोला केरवेला
दोन यंत्रं शेजारी मांडून बसलेली.
एक जुनं, पंखा खोकणारं,
एक नवं, ज्याला आवाजच नाही.

प्रोग्राम तोच. ओळ न् ओळ तीच.
उद्याच्या भरतीची वेळ विचारली
तर जुनं म्हणतं सहा चौदा,
नवं म्हणतं सहा पंधरा.
एका मिनिटाचं काय एवढं, म्हणाला मालो
आणि कॉफी आणायला गेला.

ती आकड्याच्या मागे मागे आत शिरली.
पंधरा घरं दोघं हातात हात घालून चालतात,
सोळाव्यात एकाचा हातचा सुटतो.
जुनं मनात ऐंशी बिट धरतं,
लिहून ठेवताना चौसष्टच ठेवतं.
नवं गुणाकार नि बेरीज एका दमात उरकतं,
शेपूट एकदाच कापतं.
आणि मधला कंपायलर
कधी कुणाची बाजू घेईल, नेम नाही.

तिने जुन्यात मधेच एक ओळ घातली,
फक्त बघायला, आत चाललंय काय.
उत्तर बदललं: सहा पंधरा.
ओळ काढली. सहा चौदा.
पांघरूण उचललं की डोळे मिटणारं पोर.

पावकी निमकी तिथे चोख बसतात.
साधा दहावा हिस्सा मात्र
शून्य-एकच्या भाषेत कधीच लिहून संपत नाही,
उंबऱ्यावर उभा, एक पाय आत.

रात्री तिने गिरेक मेनेझला फोन लावला.
एकोणनव्वदमध्ये प्रोग्राम त्याने लिहिलेला,
आता रोस्कोफला कांदे लावतो.
"बरोबर कुठलं?"
तो गप्प. मागे कुत्रं भुंकत होतं.
"नवं. बहुतेक.
पण खाडीतल्या होड्या इतकी वर्षं
माझ्या चुकीवर सुटतायत, पोरी."

पहाटे ती धक्क्यावर उतरली,
हातात घड्याळ, बॅटरी.
पाणी दगडी पायरीला टेकलं
आणि तिथेच राहिलं.
सहा बारा. चौदा. पंधरा. एकोणीस.
केव्हा वळलं, कळलंच नाही.

वर येऊन तिने चाचणीतलं "तंतोतंत" खोडलं,
"जवळपास" लिहिलं,
आणि जवळपास म्हणजे किती
यावर दुपारपर्यंत मालोशी भांडत राहिली.