चोडणची फेरी

रायबंदरच्या धक्क्यावर
चालत चढणाऱ्याला तिकीट नाही.
पलीकडे जायला पाच-सात मिनिटं.
मला दोन वर्षं लागली.

पिशवीत फ्रॉक, फोटोवरून अंदाजाने घेतलेला.
सुलक्षाने दारातच उलगडला,
"दादा, हा तिला चवथीला झाला असता!"
आणि हसली.
मग घडी घालून म्हणाली, असू दे, बाहुलीला होईल.
जमिनीच्या कागदांचं कुणीच काढलं नाही.

बायका ओवाळत होत्या,
पोरीचा हात सारखा ज्योतीकडे.
कुंकू तिने कपाळभर करून टाकलं.
शेजारच्या फिलोमेनाबाईंनी केक आणलेला,
त्यावर 'ईशनी'. काना राहिला होता.
तसाच कापला.

माझ्याकडे दिली तेव्हा भोकाड पसरलं.
बरोबरच आहे,
ओळख मी कुठे ठेवली होती?
मग तिला माझा चष्मा सापडला.
एक काडी वाकवली,
दुसरी चावत बसली, गप्प,
माझ्या सदऱ्यावर लाळ आणि साखर.

शेवटच्या फेरीत
मांडवीवरचे दिवे
थोडे डावीकडे सरकलेले दिसत होते.
उद्या दुकानदार विचारेल, कसा वाकला?
सांगेन,
भाची वर्षाची झाली.