विरजण

सुजय खानविलकरने दारातच फोन पुढे धरला.
तुपाच्या डब्याएवढी टाकी, गुलाबी खडे,
प्लॅस्टिकचा किल्ला, एक पाणबुड्या
आणि अकरा गोल्डफिश.
मी मोजले. मग पुन्हा मोजले,
कारण मोजताना तोंड बंद राहतं.

पस्तीस वर्षं महापालिकेच्या प्रयोगशाळेत
मी बडोद्याचं पाणी तपासलं.
नमुना नापास झाला की लाल शाई,
सही, तारीख, पुढची बाटली.
माणसाला असं लिहून देता येत नाही,
विशेषतः त्याची लेक मागे
टाचा उंचावून उभी असताना.

म्हणून विचारलं, नावं काय ठेवलीस?
रेवा म्हणाली, जिलेबी, फाफडा, शेव, तर्री,
बाकीच्यांची ठरायचीत.
म्हटलं, सावकाश ठरव. घाई नको.
बाकीच्यांची गत ओळखून म्हटलं होतं,
तिला ते कौतुकासारखं ऐकू गेलं. बरं झालं.

"दर रविवारी सगळं साबणाने धुतो, काकू.
पाणी एकदम ताजं, थेट नळाचं."
आता इथे काय बोलावं?
यांच्या घरात रोज सकाळी
हंड्यातलं शिळं पाणी तुळशीला ओततात,
आणि मी सांगणार, माशांना शिळंच दे:
रात्रभर बादलीत उघडं ठेव,
क्लोरीनला जाऊ दे त्याच्या वाटेने,
मग बदल, तेही चतकोरच.
साबण टाकीच्या वाऱ्यालाही नको.
आणि खाणं चिमूटभर,
तुझी चिमूट नव्हे, रेवाची.

एवढं बोलले. टाकी लहान आहे, हे गिळलं.
उपदेशाचंही माशांच्या खाण्यासारखंच,
जास्त पडला की तळाशी कुजतो.

आत गेले. माझ्या फिल्टरमधला
काळपट, बुळबुळीत स्पंज कात्रीने अर्धा कापला,
टाकीच्याच पाण्यात, स्टीलच्या वाटीत घालून
वर ताटली ठेवली.
"हे काय?"
विरजण, म्हटलं.
दुधाला लावतात तसं तुझ्या फिल्टरला लाव.
आत कुणी दिसत नाही, पण आहेत,
माशांची घाण पचवणारे. त्यांना लागायला वेळ लागतो.
महिनाभर स्पंज धुऊ नकोस.

जिन्यातून सुजयची आई म्हणाली,
"अगंबाई, विरजण! आमचं कालच संपलं,"
आणि वाटीकडे हात नेला.
तेव्हा मात्र मी सरळ ओरडले.

नवव्या दिवशी बेल वाजली. रेवा.
दोन्ही हातांत वाटी, झाकलेली.
"आजी म्हणते, रिकामं भांडं परत करू नये."
ताटली उचलली.
फाफडा.

खाली रावपुऱ्यात कुणीतरी
लीलां मरचां, लीलां मरचां ओरडत चाललं होतं.
आम्ही दोघी वाटीकडे बघत राहिलो.
अमोनिया हा शब्द माझ्या तोंडाशी आला होता.

त्याऐवजी लोणच्याच्या बरणीची गोष्ट काढली.
एकोणऐंशी साल, माझे पहिले तीन मासे,
आणि ती बरणी मी किती लख्ख ठेवायची,
रोज राखेने घासून, उन्हात वाळवून.
"मग?"
मग तिन्ही गेले.

तिने बराच वेळ हिशेब केला.
"आमचे अजून दहा आहेत."
हो.
"म्हणजे आम्हाला तुमच्यापेक्षा चांगलं येतं."
मी नाही म्हटलं नाही.

मोगऱ्याच्या कुंडीत जागा केली.
वाटी साबणाने धुतली, ही धुवायची असते,
तिच्यात खडीसाखर घातली
आणि जाताजाता विषय काढला:
माळ्यावर एक मोठी टाकी पडलीये, थोडी गळते.
बाबांना विचार, सिलिकॉन लावून देतील का मला.
मला काही ते जमत नाही बाई.