तारखेचा रकाना

भागरताबाईनं बरणी अंगणात आणली
ती कडेवर घेऊन, तोंड पदरानं झाकून.
"डोहातून आली जी. जाळं जड लागलं,
वाटलं वाघूर हाय. तं हे."

मी पिशवीतून भिंग काढलं, टेप, चाकू,
आणि कार्यालयाचा छापील तक्ता.
उंची नऊ इंच. तोंड साडेतीन.
रंगापाशी अडले.
"तोंडल्यावानी," ती म्हणाली. तेच लिहिलं.

मुलामा बुडाच्या वरच थांबलेला,
चिखलातून जाताना धोतर वर खोचावं तसा.
एका जागी ओघळून थेंब झालेला,
पडायचा राहून गेलेला.
खाली उघडी विटकरी माती, तिच्यावर दोरीनं कापल्याच्या रेघा.
शेजारचा उरकुडा कुंभार वाकला,
बोटानं हवेत चाक फिरवलं,
थांबला, उलटं फिरवलं.
"आमच्यातला नोहे हा."

मग मी बुडाला जीभ लावली.
पोरं हसली. हसू द्या.
कमी भाजलेली माती जिभेला धरते,
पक्की भाजलेली सोडून देते.
हिनं धरलं.
दुकानात चिनी माती म्हणून मिळते त्यातली ही नाही,
ही चीनची माती असावी:
चाकूनं ओरखडणारी, वर शिशाचा हिरवा मुलामा,
त्यावर चंदेरी साय,
जी शेकडो वर्षं ओलीत पुरल्यावर धरते
किंवा आम्लात बुडवून आठवड्याभरात आणतात.

अशी भांडी तिकडे थडग्यात ठेवत.
मेलेल्याच्या वाटणीची.
हे मी बोलले नाही.
आणि तिकडून वैनगंगेच्या डोहात कशी,
कुणाच्या सामानातून,
की कुणा शौकिनानं नक्कल घेतली
आणि कळल्यावर रागानं भिरकावली,
भिंगाला ते दिसत नाही.

"किती जुनी?"
दोन हजार वर्षं, म्हटलं, नाही तर शंभर.
उरकुडा खो खो हसला.
"मी सांगतो का मडकं असं?"

भागरताबाईचा हिशेब पक्का होता:
धरणाचं पाणी चढलं त्याच्या आदल्या उन्हाळ्यात,
सुमन बाळंतपणाला आली तवा.
म्हणजे अकरा वर्षं.

पदर काढला.
आत चिंच. काळीशार, मिठात दाबलेली.
बॅटरी मारली तर गळ्याखाली एक पांढुरकं कडं,
तिथून खाली हिरवा रंगच नाही.

"बाई, यात आंबट ठेवू नका. शिसं उतरतं."
"शिसं? जाळ्याच्या गोळ्या ओततो ते?"
"तेच."
"पन तुमी तं म्हनता नकली बी असंन."
नकली असली तरी.

सुमनची पोरगी दाराशी उभी होती,
एका गालात चिंचेचा गोळा.
भागरताबाई उठली, काही न बोलता
तिच्या तोंडात बोट घातलं,
गोळा काढून उकिरड्यावर टाकला.
चिंचोका पोरीनं मुठीत लपवला.

बरणी उपडी झाली. कोंबडी येऊन
बुडावर चोच मारून गेली.

निघताना तिनं मला फाटकापाशी गाठलं.
"पवनीच्या डॉक्टरले का सांगू?
तो इचारंन, कवापासून."

तक्त्यात काळाचा रकाना कोराच होता.
त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर
मोठ्या अक्षरांत लिहून दिलं:
अकरा वर्षं, रोज थोडी.
सही केली, आजची तारीख घातली.

एसटीत पाणी प्यायले तरी
जिभेच्या टोकाला माती धरूनच होती.