तिसरी साक्ष

पवनीच्या कचेरीत बाबू म्हने, साक्षीदार तीन पाह्यजे.
दोन होते.
तिसरा मामा साकोलीहून निघालाच नाही.

मंग मले हाक मारली, फाटकापासून,
शिंगाड्याच्या टोपल्यासकट.
आधार कनवटीलेच होतं.
“वळखता का यायले, बाई?”
हाव म्हटलं.
सकाळी पावभर शिंगाडे घेतले यायनं.
तो सोले, ते खाये.
सडका निघाला, तो यानं गुपचूप गिळला.

बाबू हासला. “अंगठा लावा.”

सोलून सोलून रेघा गेल्या माह्या.
दोनदा शाई, दोनदा नुसता काळा डाग.
मंग पोरीनंच माहा अंगठा धरला,
मेंदीच्या हातानं, हळूच दाबला.
उमटला.

माह्या लग्नात अख्खा गाव जेवला होता.
पेन्शनीच्या टायमाले
कोनी सांगाले उरलं नोहतं.