पाठ निरीक्षण, तिसरी ब

फॉर्म दोन पानी, रकाने एकतीस.
मानखुर्दच्या शाळेत, तिसऱ्या मजल्यावर
मी शेवटच्या बाकावर बसलो, गुडघे पोटाशी घेऊन.
बाक आठ वर्षांच्या मापाचा.

डाबरेबाईंनी खडू उचलला तेव्हा
हात जरासा थरथरला. मी पाहिलं नाही असं दाखवलं.
अठरा वर्षं मीही असाच उभा राहिलोय,
तोंड फळ्याकडे
आणि पाठीवर कुणाचं तरी पेन चालताना.

टाचण वही अद्ययावत : होय.
साधनांचा वापर : काड्यांचे गठ्ठे, रबरबँड लावलेले.
पट बावन्न. हजर सदतीस.
'बाकीचे?'
'आज टँकरचा वार, सर. हंडे भरून येतील.'
याला रकाना नव्हता.
मी सदतीस लिहिलं, शाईनं.

बाईंनी तेच आकडे फळ्यावर घेतले.
'दोनातून सात जातात का?'
'नाय जात!' अख्खा वर्ग.
'मग काय करायचं?'
'शेजारी जायचं!'
शेजारी पाच दशक राहतात.
त्यांच्याकडून एक उसना. त्यांना उरले चार.
गठ्ठ्याचं रबरबँड सुटलं, दहा काड्या मोकळ्या झाल्या,
उत्तर आलं पंधरा
आणि दार वाजलं.

'आत येऊ का, बाई?'
कोपरापर्यंत भिजलेल्या बाह्या.
बाईंनी सदतीस पुसून अडतीस केले.
पुन्हा शेजारी, पुन्हा उसना. चौदा.
मग दोघी बहिणी एकदम, एकीच्या केसांत पाणी.
चाळीस. बारा.
या खेपेला कुणाच्या दारात जावं लागलं नाही,
तर मुलं हिरमुसली.
फळ्यावरचं उत्तर दर दारागणिक शिळं होत होतं,
बाई पुसत होत्या, पदराला खडू लागत होता.
माझ्या कागदावर सदतीस,
वाळलेले.

मग खिडकीजवळची सुहाना पठाण उभी राहिली.
'बाई, तो उसना घेतलेला परत कधी द्यायचा?'

बाई थांबल्या.
माझ्याकडे नाही, काड्यांकडे बघत राहिल्या.
रकाना एकोणीस : विद्यार्थ्यांचे शंकानिरसन तत्काळ करतात. होय / नाही.
मी घड्याळ पाहिलं. बावीस सेकंद.
'मला ठाऊक नाही गं,' त्या म्हणाल्या.
'इतकी वर्षं शिकवते, कधी परत दिलाच नाही.
उद्या विचार करून येऊ. तू पण, मी पण.'

एकोणिसावर खूण करायला गेलो
आणि पेन संपलं.
शेजारचा दुर्वेश मघापासून माझ्या कागदात डोकावत होता.
त्यानं दप्तर उपसून पेन्सिल काढली, मागच्या टोकाला चावलेली,
वही माझ्याकडे सरकवली
आणि ओठ न हलवता म्हणाला,
'येत नसेल तर बघून लिहा, सर.
बाई मारत नाहीत.'

वीस ते एकतीस मी पेन्सिलीनं भरले.

वॉर्ड ऑफिसात खातूंनी फॉर्म परत सरकवला.
पेन्सिल चालत नाही, साहेब.
आणि हे एकोणिसावं कोरंच आहे.
मी नवा फॉर्म घेतला, त्यांच्याच टेबलाच्या कडेला
सगळं उतरवलं. उपस्थिती, सदतीस.
एकोणीस, नाही.
तत्काळ म्हणजे तत्काळ. बाईंचा एक गुण गेला असेल.
नियम माझा नव्हता,
हात माझा होता.
शेरा : पाठ समाधानकारक.
हा शब्द या वर्षी मी दोनशे बारा वेळा लिहिलाय,
त्यातला 'धा' आता नीट लागतही नाही.

पेन्सिल खिशातच राहिली.
जूनपासून हा बीट दुसऱ्या कुणाकडे जातोय.
खातूंना विचारलं, ही परत पाठवायची कशी?
त्यांनी आवक-जावक रजिस्टर उघडलं, मिटलं.
'वस्तू म्हणून नोंद करू, साहेब,
की कागद म्हणून?'