पांढरी रेघ

तिसरा शाफ्ट तुटला, तेव्हा खल्फान तो
टॉवेलात गुंडाळून घेऊन आला,
मेलेलं कबूतर आणावं तसा.
बाकावर ठेवला. दोन तुकडे.
"उस्ताद, या खेपेला जाड कर. अंगठ्याएवढा."

गाडी खोक्यांतून आलेली त्याची,
दोन हिवाळे खपून मागच्या शेडात जोडलेली.
फायबरचं अंग, पाइपांचा सांगाडा,
आणि पुढे आठ सिलिंडरचं इंजिन,
ज्याला त्या चिमुकल्या गिअरबॉक्सची
काडीची पर्वा नाही.

मी तुटलेलं तोंड ट्यूबलाइटखाली धरलं.
तुटण्याला हस्ताक्षर असतं.
हे घाईत लिहिलेलं नव्हतं.
जिथे दाते संपतात आणि मान सुरू होते
तिथे एक टोकदार कोपरा.
तिथून आत सरकत गेलेल्या शिंपल्यासारख्या रेषा,
आणि शेवटी चवलीएवढा खरखरीत डाग:
तेवढ्यानंच धरून ठेवलं होतं,
त्यानं शेवटचा क्लच सोडेपर्यंत.

उद्यमनगरात धुळाप्पा मिस्त्री म्हणायचे,
"कोपरा सोडलास, की तडा बिऱ्हाड मांडतोय बघ."
गोलाई द्यायला विसरलो, तेव्हा
त्यांनी एक कानाखालीही दिली होती.
ती अजून अजमानपर्यंत ऐकू येते.

"जाड नाही," मी म्हटलं, "बारीक करणार."
खल्फान हसला. मग हसायचा थांबला.
माझी अरबी बाजारापुरती, त्याची हिंदी सिनेमापुरती,
म्हणून त्याचाच टॉवेल उचलला.
मध्ये गाठ मारून पिळला:
सगळा पीळ गाठीच्या तोंडाशी येऊन बसला.
गाठ सोडून पिळला:
या टोकापासून त्या टोकापर्यंत
वाटून घेतला त्यानं.
खल्फाननं टॉवेल परत मागितला
आणि स्वतः दोनदा पिळून पाहिला.

निकेल-क्रोमचा गज आणला.
दाते कापले. मान उतरवली,
दात्यांच्या मुळापेक्षा अर्धा मिलिमीटर खाली.
कोपरा होता तिथे उतार दिला,
बोट फिरवलं तर कळू नये
कुठे काय संपलं.
पॉलिश लांबीच्या दिशेनं, गोल नाही.
गोल मारलेला ओरखडा म्हणजे
तड्यासाठी आखून दिलेली वाट.

ऑगस्ट होता. सनैयातला पत्रा टकटक वाजायचा.
अशा उन्हात दुपारचं माप खोटं:
लोखंड फुगतं, मायक्रोमीटर फुगतो,
माणूसही चार शब्द जास्त बोलतो.
शेवटचा हात पहाटे पाचला मारला,
बांग झाल्यावर, चहाच्या आधी.

मग शारजाला गुलबाजच्या भट्टीत.
परत आला तो केसभर वाकून.
डायल लावून, दाबून, सोडून, पुन्हा दाबून
सरळ केला. अख्खा शुक्रवार त्यात गेला;
घरचा फोन दोनदा वाजून थांबला.
पुढे छर्र्यांचा मारा:
सगळ्या अंगावर बारीक देवी आल्यासारख्या खुणा.
एवढं मारल्यावर कातडी आवळून धरते,
तडा उघडायला आला तरी उघडू देत नाही.

बसवण्याआधी काडीनं, पांढऱ्या रंगात,
टोकापासून टोकापर्यंत एक रेघ ओढली.
खल्फाननं विचारलं, "नजर लागू नये म्हणून?"
म्हटलं, "नजर ठेवायला."

महिनाभर पळवली त्यानं. ट्रॅकवर, रात्री,
टायरांचा वास माझ्या खोलीपर्यंत आणत.
मग गिअरबॉक्स उघडला.
शाफ्ट एकसंध.
रेघ मात्र तिरपी झालेली,
अर्ध्या दात्याएवढी, सगळ्या लांबीत हळूहळू,
झोपेत कूस वळताना थांबल्यासारखी.

"बिघडला?"
"नाही. वाटून घेतलंय त्यानं."

बिल करताना खल्फान म्हणाला,
लोखंड तर तू काढलंस, उस्ताद,
मग पैसे कमी व्हायला हवेत.
पन्नास दिरहम सोडले.

जुनी रेघ पुसली नाही.
तिच्या शेजारी दुसरी मारली, सरळ,
आणि रंग वाळेपर्यंत
शाफ्ट हातात धरून उभा राहिलो.